अलबेला आणि नंतरचा झमेला

अकोल्यात वरात निघाली, बँड रंगात आला की नवरदेवाचा मामा हमखास रिंगणात उतरतो. हात सैल, खांदे जागच्या जागी हलते, पाय जेमतेम सरकलेले. पोट्टे ओरडतात, "मामा, बच्चन दिसून राह्यले!" मामा खूश. बच्चनच्या नाचात ज्यांची चाल दिसते ते नट-दिग्दर्शक भगवानदादा पालव शेजारच्या अमरावतीत १९१३ साली जन्मले, हे त्या गोंगाटात सांगणार कोण?

१९५१च्या 'अलबेला' सिनेमानं दादांना काय दिलं नाही! जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि सात गाड्या, वाराला एक, असं सांगतात. मग १९५३मध्ये 'झमेला' काढला. नावाप्रमाणेच पुढचं सगळं झालं. 'हंसते रहना' तर अर्ध्यावरच राहिला. नाव ठेवणाऱ्याची कमाल म्हणायची. बंगला गेला, गाड्या गेल्या, मुक्काम दादरच्या चाळीत.

तरी सिनेमावाले विसरले नाहीत हो. पार्टीचा नाहीतर लग्नाचा प्रसंग असला की दादांना आठवणीनं बोलावणं जायचं. गर्दीतून पुढं यायचं, तोच जुना ठुमका मारायचा, घरी जायचं. संवाद कशाला? म्हातारा नाचतो ना, बस्स!

४ फेब्रुवारी २००२ रोजी दादा गेले. २०१६मध्ये त्यांच्यावर 'एक अलबेला' सिनेमा आला, 'अलबेला'ची नायिका गीता बाली हिच्या भूमिकेत थेट विद्या बालन. दादांना उतारवयात एक धड भूमिका द्यायला मात्र कुणाला सवड झाली नव्हती.