किती पाडली, किती उरली

नाण्यांच्या भावाचं पुस्तक हाती आलं की माणूस सगळ्यात आधी भुलतो तो 'मिंटेज'च्या रकान्याला. त्या साली टांकसाळीनं किती नाणी पाडली, त्याचा हा आकडा. लहान दिसला की छाती धडधडायला लागते. शून्यं जास्त दिसली की नाणं मुकाट्यानं डब्यात परत जातं. हिंगोलीत जुन्या नाण्यांवर भिंग रोखून बसणारे आम्ही चार-दोन रिकामटेकडे या आकड्यांवर कितीतरी चहा रिचवून बसलो आहोत. माझं मत आता पक्कं झालंय. हा रकाना म्हणजे नुसता जन्माचा दाखला. हयातीचा दाखला पेन्शनरकडे दर नोव्हेंबरात मागतात, नाण्याकडे कोणी मागत नाही.

पंचम जॉर्जचा १९११चा रुपया घ्या. राजाच्या झग्यावर हत्ती कोरला होता, पण सोंड इतकी आखूड की लोकांना त्यात चक्क डुक्कर दिसलं. बोंबाबोंब झाली. पाडले होते सुमारे ९४ लाख. बाहेर गेले ते जेमतेम ७ लाख, बाकीचे परत भट्टीत. पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड मिळाली. पण पुस्तकात ९४ लाख वाचणारा म्हणणार, 'हॅ, यात काय दुर्मीळ?'

व्हिक्टोरिया राणीचा १८६२चा रुपया वेगळीच गंमत करतो. तेच साल ठेवून तो पुढं दहा-अकरा वर्षं पाडत राहिले. मुंबईच्या टांकसाळीनं वर्ष ओळखता यावं म्हणून मागच्या बाजूला बारीक ठिपके तेवढे टाकले. आम्ही ते मोजत बसतो. याच भिंगानं तुरीतले खडे निवडले तर घराला काही उपयोग होईल, असं घरचं मत आहे.

आमच्या भागात घोळ आणखी मोठा. हिंगोली १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यात पूर्वी इथं हैदराबाद कंटिन्जंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची छावणी. त्यामुळे दोन रुपये शेजारी शेजारी चालायचे: इंग्रजांचा कलदार आणि निजामाचा हाली. सहा कलदार म्हणजे साधारण सात हाली, हा हिशेब जुन्या माणसांना तोंडपाठ होता. तो कुणाच्या लहरीवर ठरला नव्हता. कलदारात शुद्ध चांदी जवळपास १०.७ ग्रॅम, हालीत ९.१, भागाकार करून पाहा. हालीवर मधोमध चारमिनार, त्याच्या कमानीत निजाम उस्मान अलींचं 'ऐन' हे अक्षर आणि साल हिजरी. त्या सालाशी इंग्रजी वर्ष जुळवताना अर्धी संध्याकाळ जाते. एवढं करून पुस्तकातली ओळ सापडावी, तर कित्येक संस्थानी नाण्यांपुढं मिंटेजच्या जागी नुसती आडवी रेघ! नवखा विक्रेता त्या रेघेचा अर्थ 'लाखात एक' असा लावतो. खरा अर्थ एवढाच, की आकडा पुस्तकवाल्याच्या हाती लागला नाही. आणि नाणं थोडं असलं तरी घेणारेही थोडेच असतील, तर भाव कुठून चढणार?

शिवाय आमच्याकडं नाण्यांची गळती कुठल्याच वहीत लिहिलेली नाही. लग्न निघालं की रुपये सोनाराच्या मुशीत, आणि तिथून वाळे, तोरड्या होऊन लेकीच्या पायात. कळमनुरीकडच्या एका तांड्यावर एका आजींच्या गळ्यात मी हाली रुपयांची माळ पाहिली. घासून घासून चार मिनारांचे दोनच उरलेले, आणि कडी नेमकी अक्षरांवर डाग देऊन बसवलेली. पुस्तकाच्या हिशेबानं असं नाणं चांदीच्या भावात जातं. मी म्हटलं, "आजी, कडी नसती तर याला चांगला भाव आला असता."

"कडी नसती तर माझ्या सासऱ्यानं कधीच खर्चून टाकलं असतं, बाबा," आजी म्हणाल्या.

मिंटेजवर इतकं नेमकं भाष्य मला एकाही पुस्तकात सापडलेलं नाही.

उलटंही घडतं. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीनं १९०३ साली साडेचव्वेचाळीस लाख डॉलर पाडले होते. ते बहुतेक वितळले असं धरून संग्राहक एकेका नाण्याला मोठी किंमत मोजत. १९६२मध्ये सरकारी तिजोरीतून त्यांच्या पोत्यांवर पोती बाहेर आली आणि भाव कोसळला. मिंटेजचा आकडा तोच, मात्र कितीकांनी कपाळाला हात लावला असेल.

तेव्हा घरच्या पेटीत चारमिनारचा रुपया निघाला तर पुस्तक जरूर उघडा, पण आधी नाण्याचा चेहरा पाहा. झीज किती, डाग दिलाय का, कोणी घासलंय का? आणि कृपा करून त्याला चिंच-राख लावू नका. चकाकी येते आणि भाव जातो. शेतात हंडा लागला तर १८७८चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांवरचं घबाड जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि दहाची ती मर्यादा राणीच्या काळातली आहे. वैष्णोदेवीच्या पाच रुपयाच्या नाण्याला फोनवर लाखो रुपये कबूल करून आधी 'फी' मागणारा भेटलाच, तर जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी आपण कसलीही फी घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१मध्येच जाहीर केलंय, हे लक्षात ठेवा. त्याला कलदार सोडा, हालीसुद्धा पाठवू नका.