दातांची बडतर्फी आणि फेरनेमणूक

निसर्गाने मनुष्यास बत्तीस दात बहाल करून चर्वणाचे जे खाते त्यांच्या स्वाधीन केले, त्याच्या कारभारात सहस्रावधी वर्षे कोणी ढवळाढवळ केली नव्हती; परंतु अलीकडे सुशिक्षित घरांतून न्याहारीच्या प्रहरी या खात्याची जी पुनर्रचना चाललेली दिसते, ती पाहता दंतपंक्तीने आपली कैफियत वेळीच सादर करावी, असे सुचवावेसे वाटते. फळे आणि पालेभाजी विद्युद्यंत्रात लोटून त्यांचा लगदा करावयाचा, म्हणजे दातांना बडतर्फ करावयाचे. आणि मग त्याच लगद्यावर बदामाचे काप, भोपळ्याच्या बिया, खोबऱ्याचे तुकडे आणि ग्रॅनोला नामक गोड चिवडा पसरून त्याच दातांना, पूर्वीपेक्षा अवघड कामावर, कंत्राटी पद्धतीने पुन्हा रुजू करून घ्यावयाचे, या व्यवस्थेस स्मूदी बोल म्हणतात. यात आरोग्य नेमके कोणत्या टप्प्यावर दाखल होते, याचा खुलासा कोणत्याही पाककृतीत केलेला नसतो.

या पदार्थाच्या मोठ्या भावाचे मूळ गाव शोधू गेल्यास ब्राझीलच्या उत्तरेकडील पारा प्रांतात जावे लागते. तेथे ॲमेझॉनच्या खोऱ्यात आसाई नावाच्या ताडवर्गीय वृक्षाची जांभळी-काळी फळे कोळून त्यांचा दाट रस काढतात, आणि बहुधा साखरेवाचूनच, ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्या कसाव्याच्या पिठाबरोबर व तळलेल्या मासळीबरोबर, तो पोटभर जेवतात. हाच रस दक्षिणेस रिओच्या समुद्रकिनारी पोहोचला तेव्हा तो गोठवला गेला, त्यात ग्वारानाचा पाक पडला, वर केळ्याच्या चकत्या बसल्या. पुढे हवाई बेटे व कॅलिफोर्निया येथील लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या तरुणांनी त्यास आरोग्याची सनद बहाल केली. मासळी अर्थातच मागे राहिली. कष्टकऱ्यांच्या अन्नाला प्रतिष्ठा प्राप्त होण्यापूर्वी त्याचे गणगोत तोडावे लागते, हा दंडक सर्वच देशांत सारखा दिसतो.

आमच्या शेजारी एक सेवानिवृत्त लेखाधिकारी राहतात. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांच्या खर्चावर हरकती घेतल्या, त्यांनी निवृत्तीनंतर स्वतःच्या प्रकृतीचे लेखापरीक्षण आरंभिले आणि प्रातःकाळी हरित वाडगा सेवन करण्याचा ठराव, कुटुंबातील अन्य सदस्यांच्या गैरहजेरीत, एकमताने संमत केला. त्याची अंमलबजावणी आदल्या रात्रीच सुरू होते. जळगावची पिकली केळी सोलून, चकत्या करून, बर्फाच्या कप्प्यात ठेवावी लागतात, कारण गोठलेले केळे नसेल तर वाडग्याचे सरबत होते आणि ग्रॅनोला जलसमाधी घेतो. सकाळी पालकाची जुडी तीन पाण्यांतून निघते. मग केळी, पालक, आंब्याच्या फोडी आणि दही यांचे मिश्रण करावयाचे ते अशा बेताने, की पालकाची चव कोणासही लागू नये. इतक्या शिताफीने ज्याचे अस्तित्व लपविले, त्याच पालकाची वार्ता हे गृहस्थ पुढे दिवसभर जिन्यात, बागेत आणि ज्येष्ठ नागरिक संघाच्या बाकावर प्रत्येकास सांगत असतात. वर्णाच्या बाबतीतही शिस्त पाळावी लागते. आंबा अथवा अननस असेपर्यंत मिश्रण पोपटी राहते. परंतु हौसेने महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी त्यात पडली, की हिरवा व तांबडा यांच्या संयोगातून जो चिखली रंग उद्भवतो, त्याचे समर्थन कोणत्याही आहारशास्त्रास करता येत नाही.

या सर्व उपद्व्यापात खरी करुणा यावी ती मिक्सरची. परदेशी यंत्रे आमच्या वाटणापुढे हात टेकतात असा अनुभव आल्यावर १९६३ साली सुमीत मिक्सर निर्माण झाला, तो सुके खोबरे, भिजवलेली डाळ आणि हळकुंडासारखे निबर मसाले यांच्याशी मुकाबला करण्यासाठी. त्याच्या वंशजांच्या पुढ्यात आता बर्फाळ केळे येते. पाणी वा दूध सढळ हाताने घालावे, तर वाडग्याची घनता जाते. न घालावे, तर पाते नुसतेच पोकळीत फिरते, मोटार तापते, आणि यंत्र मौन धारण करते. मग ते उलटे करून बुडाशी असलेले तांबडे बटण दाबावे लागते, आणि तेवढ्या अवधीत आदल्या दिवशीच्या लसणीच्या चटणीचा जो परिमळ भांड्याच्या रबरी कडीत दबा धरून बसलेला असतो, तो आंब्याच्या ताब्यात जातो.

लेखाधिकाऱ्यांचा मुख्य दावा लोहाचा. तेव्हा रुजुवात घेणे प्राप्त आहे. १०० ग्रॅम पालकात लोह सुमारे ३ मिलिग्रॅम; वाडग्यात पडतो मूठभर, म्हणजे फार तर ३० ग्रॅम; जमेच्या बाजूस एक मिलिग्रॅमही धड येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषास रोज १९ आणि स्त्रीस २९ मिलिग्रॅम लोह हवे. त्यातही पालकातील लोह आतड्यांतून सहजासहजी वसूल होत नाही. लिंबू किंवा आवळा यांचे क जीवनसत्त्व वसुलीस साहाय्य करते, तर दह्यातील कॅल्शियम तीत अडथळा आणते. हे आकडे त्यांच्यापुढे मांडले असता त्यांनी चष्मा पुसला आणि ही तूट चिया बियांनी भरून निघेल, असे उत्तर दिले. मेक्सिकोकडील या बिया ज्या फडताळात ठेवल्या आहेत, त्याच फडताळात अहाळिवाची पुडी आहे, जिच्यातले लोह कोणत्याही पालकास लाजविणारे. परंतु बाळंतिणीच्या लाडवांशी तिचे नाव जोडले गेल्यामुळे निवृत्त पुरुषास तिच्याशी संबंध ठेवणे प्रशस्त वाटत नसावे.

त्यांच्या वयोवृद्ध मातोश्रींचा आक्षेप निराळाच. दूध आणि आंबट फळे एकत्र करणे हा विरुद्धाहार होय, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे; त्यांनी ग्रंथ वाचलेला नाही, पण निकाल तोच दिला. त्यावर चिरंजीवांनी दुधाऐवजी बदामाचे दूध आणविले, ज्याच्या एका खोक्याच्या किमतीत घरातील सर्वांना आठवडाभर शिकरण मिळाले असते. शिकरणाचा दोष एवढाच, की त्याचे छायाचित्र घेण्याची वासना कोणासही होत नाही. वाडग्याचे तसे नाही. डाळिंबाचे दाणे एका ओळीत, किवीच्या चकत्या दुसरीत, बिया चंद्रकोरीच्या आकारात, अशी मांडामांड होऊन खिडकीपाशी छायाचित्र निघेपर्यंत केळे वितळू लागते, आणि आरोग्य पातळ होऊन कडेने वाहू लागते.

या योजनेवर खरा अंकुश मात्र भांडी घासणाऱ्या मावशींनी बसविला. “काका, तुमचं ते हिरवं सुकलं की पात्याखालून निघत नाही, त्याचे महिन्याला शंभर वेगळे,” एवढेच त्या म्हणाल्या. लेखाधिकाऱ्यांनी सवयीप्रमाणे मागणी लेखी सादर करण्यास सांगितले. मावशींनी दुसऱ्या दिवशी मिक्सरचे भांडे न घासताच ओट्यावर ठेवले. आणि दुपारपर्यंत शंभर रुपयांची तजवीज, मागील महिन्यापासून लागू अशा शेऱ्यासह, मंजूर झाली.