मे महिन्याच्या नमुन्यास खुले पत्र

प्रति,
मे महिन्यात भरलेला विहिरीच्या पाण्याचा नमुना,
मुक्काम प्रयोगशाळा, मार्गे गाडीची डिकी.

विषय : कोळसा खाणीशेजारच्या भूजलाची वर्षातून एकदा होणारी चौकशी.

महोदय,

उघड्या कोळसा खाणीच्या परिसरात भूजलाची पातळी आणि गुणवत्ता या दोन्हींवर लक्ष ठेवावे लागते. अनेक खाणींच्या पर्यावरण मंजुरीत त्याचे वेळापत्रकच दिलेले असते : पातळी मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत मोजावी, गुणवत्ता मे महिन्यात तपासावी. पाणी किती खोल गेले हे चारदा बघायचे आणि ते पिण्याजोगे उरले का, हे एकदा.

चंद्रपूरकडच्या वर्धा खोऱ्यात कोळसा बराकार थरांत आहे आणि त्याच्या वरचा कामठी वालुकाश्म पाणी धरून ठेवतो. खाण खोल जाते तसा उपसा वाढतो, भोवतालच्या विहिरी उतरतात. हे मोजपट्टीला कळते. ढिगाऱ्यांत चालते ते मोजपट्टीला कळत नाही. खोदून वर टाकलेल्या दगडमातीत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज, असू शकते. त्याला हवा आणि ओल लागली की सल्फेट, लोह आणि आम्ल तयार होते. उन्हाळ्यात हे क्षार ढिगाऱ्यात साचतात आणि पहिल्या पावसाबरोबर खाली उतरू लागतात. मे महिन्यात पाणी कमी, म्हणून क्षार सर्वांत दाट, असे समर्थन केले जाते. पण ढिगाऱ्यालगतच्या उथळ विहिरींत नवी भर पावसाळ्यातच पडते. चोरी रात्री होणार म्हणून पंचनामा दुपारीच उरकून ठेवावा, तशी ही तत्परता आहे.

अहवालातला सामूचा (पीएच) रकाना सहसा प्रसन्न असतो : ६.५ ते ८.५ च्या आत. गोंडवाना कोळशात गंधक तुलनेने कमी असते आणि खडकातील कार्बोनेट आम्ल मारतात. आम्ल मेले तरी सल्फेट आणि कठीणपणा पाण्यातच राहतो. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात सल्फेटची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ४०० पर्यंत सवलत. ही सवलत गावाच्या नाइलाजासाठी होती. अहवालात ती खाणीची सोय होते.

लोहाची कथा सर्वांत संतापजनक. जमिनीखाली विरघळलेले लोह हवा लागताच तांबड्या गाळाच्या रूपात तळाशी बसते. म्हणून धातूंसाठी वेगळी बाटली, तिच्यात जागेवरच नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली, आणि थंड पेटीतून प्रवास, अशी रीत आहे. त्याआधी विहिरीतले साचलेले पाणी उपसून टाकायचे, सामू आणि विद्युतवाहकता काठावरच मोजायची. यातले काहीही न करता एकच बाटली भरली, उन्हात तापत नेली आणि वरचे निवळ पाणी तपासले, की लोह मर्यादेत येते. वर्धा खोऱ्यातील एका गावाच्या ग्रामसभेत असाच ‘सर्व घटक मर्यादेत’ असलेला इंग्रजी अहवाल वाचला गेला. त्या अहवालात नोंदलेल्या हातपंपाचा ओटा तांबडा पडलेला आहे. हा निष्काळजीपणा नव्हे. गावाला वेड्यात काढणे आहे.

यात तुमचा दोष काहीच नाही. वर्षभराची साक्ष तुम्ही एकट्याने द्यायची, तीही गाळ खाली बसल्यावर. तुम्हाला भरणाऱ्या कंत्राटी मुलाला ना आम्ल दिलेले असते, ना बर्फ. सही मात्र त्याचीच.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. खोदकामापूर्वीच्या नोंदी नसल्या की प्रत्येक बिघाड ‘नैसर्गिक’ ठरतो. प्रवाहाच्या वरच्या बाजूची विहीर जोडीला नसली की तुलनाच होत नाही. खाण बंद होऊन पंप थांबले की पाण्याची वाट बदलते, नेमके तेव्हाच निरीक्षण थांबता कामा नये.

तरी गुणवत्तेची तपासणीही चारदा व्हावी, त्यातली एक पहिल्या पावसानंतर. धातूंचा नमुना आम्ल घालून घ्यावा. निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. मंजुरीच्या अटींच्या अनुपालनाचे अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला सादर करावे लागतात आणि ते सार्वजनिक असतात. खाणीशेजारच्या प्रत्येक ग्रामसभेने ते मागवावेत आणि नमुना कोणत्या महिन्यात, कसा घेतला, हे आकड्यांच्या आधी विचारावे.