बॅटरी अल्पायुषी कशी करावी

आपल्याकडच्या हवेत मोटारीची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. इतका काळ एकाच बॅटरीबरोबर संसार करणं काही मालकांना जड जातं, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. नेमाने पाळलं तर दीड-दोन वर्षांत गाडी सेल्फ मारल्यावर नुसतं ‘खट’ म्हणून गप्प बसू लागेल.

बिनखर्चाचा आणि हमखास उपाय म्हणजे गाडी न वापरणं. गाडी घ्यावी, पेढे वाटावेत, कव्हर चढवावं आणि पेट्रोल परवडत नाही म्हणून स्कूटरवरून हिंडावं. दसऱ्याला झेंडूचा हार घालण्यापुरतं कव्हर काढावं. उभ्या गाडीला काही लागत नाही, अशी ठाम समजूत हवी. प्रत्यक्षात रिमोटची हाक ऐकायला, घड्याळ चालवायला, चोरावर नजर ठेवायला गाडी आतून जागीच असते आणि त्यापायी वीस ते पन्नास मिलिअँपिअर ओढत राहते. पन्नास धरले तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास होतात आणि छोट्या हॅचबॅकची बॅटरी असते 35 अँपिअर-तासांची. महिनाभरात ती तळाला जाते. सहा महिने अमेरिकेत मुलाकडे जाणाऱ्या आईबाबांना तर वेगळं काही करावंच लागत नाही. फक्त निघताना मायनस टर्मिनल सोडवून ठेवायची दुर्बुद्धी होऊ देऊ नये. एक पाना आणि दोन मिनिटं एवढ्यात सगळी योजना फसते.

काही मालक मात्र रोज सकाळी खाली उतरून गाडी पाच मिनिटं जागच्या जागी चालू ठेवतात. ही प्रथा उत्तम आहे. सेल्फला शंभराहून जास्त अँपिअर लागतात, आणि रिकाम्या इंजिनावर अल्टरनेटर जेमतेम काम करतो. पेट्रोल जळतं, शेजाऱ्यांच्या घरात धूर जातो, बॅटरी अर्धपोटीच राहते आणि आपण काळजी घेतल्याचं पुण्य पदरात पडतं. याउलट आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवणारे लोक बॅटरीचं आयुष्य विनाकारण वाढवतात.

अर्धपोटी ठेवण्याचं महत्त्व नीट समजून घ्यावं. बॅटरी उतरते तसं प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केली तर ते मोडून शिसं आणि आम्ल पुन्हा आपापल्या जागी जातात. तशीच पडू दिली तर त्याचे कडक स्फटिक बनतात आणि ते चार्जरलाही दाद देत नाहीत. म्हणून उतरलेली बॅटरी पुढच्या शनिवारी बघू म्हणून सोडावी. मल्टिमीटर घरात आणूच नये. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे पोट भरलेलं आणि 12.2 म्हणजे निम्मं रिकामं, हे कळलं की माणूस उगाच जागा होतो.

उन्हाबद्दल विदर्भातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं, असा ढोबळ ठोकताळा आहे. गंमत म्हणजे बॅटरी झिजते मे महिन्यात आणि बोंब मारते डिसेंबरच्या पहाटे, कारण थंडीत ऑइल घट्ट होतं आणि सेल्फला जोर जास्त लागतो. त्यामुळे दोष थंडीला देता येतो. सावलीतली जागा पाहुण्यांना द्यावी.

टर्मिनलवर पांढरी-निळसर बुरशी धरली तर ती राहू द्यावी. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती धुणं आणि वर व्हॅसलीन चोपडणं ही मेकॅनिकच्या पोटावर पाय आणणारी कामं आहेत. झाकणांची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाचं पाणी घालावं. त्यातले क्षार बाकीचं बघून घेतात.

आता फलप्राप्ती. गाडी बंद पडली की पार्किंगमध्ये आपोआप सल्लागार मंडळ जमतं. पहिले काका पेट्रोल ओव्हर झालंय म्हणतात, दुसरे प्लग बघायला सांगतात, आणि वॉचमनला खरं कारण माहीत असतं पण त्याला कुणी विचारत नाही. मग धक्का. गाडी ऑटोमॅटिक आहे, ती धक्क्याने सुरू होत नाही, हे चढावर अर्धं अंतर ढकलून झाल्यावरच सांगावं. जुन्या अँबॅसिडरला निदान हँडल मारता यायचं. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही हसू नये. खाली भलीमोठी बॅटरी भरलेली असली तरी 12 व्होल्टची छोटी बसली की तीही गाडी हलत नाही.

शेवटी कुणीतरी जंपर केबल आणतं. इथे थट्टा थांबवून सरळ सांगतो, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि एका ठिणगीत ती फुटू शकते. लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. उलटसुलट जोडलं तर गाडीचे कॉम्प्युटर जळतात. मंडळाने ओरडून कितीही क्रम सुचवले तरी हाच खरा.

झालं, आता थट्टेकडे परत. नवी बॅटरी घेताना तिच्यावरचा उत्पादनाचा महिना वाचू नये. आठ महिने फळीवर पडलेली असेल तर आपलं निम्मं काम दुकानातच झालेलं असतं. जुनी परत करून शिशाचे पैसे वजा करून घेण्यापेक्षा ती गॅलरीत, तुळशीमागे ठेवावी. आणि 48 महिन्यांच्या वॉरंटीतले बहुधा पहिले 24 महिनेच फुकट बदलीचे असतात, पुढे नुसती सवलत, हे बारीक अक्षर पंचविसाव्या महिन्यात वाचायला काढावं.