कॅटलॉग चढेना

भाईंदर पूर्वेत, गोडदेवच्या आजूबाजूला, स्टीलच्या भांड्यांचे गाळे बरेच. अशाच एका गाळ्यातले शेठ गिऱ्हाइकाला ९ एमबीचा कॅटलॉग मेल करायला बसले. मेल गेलाच नाही. सर्व्हरने ५५२ हा आकडा तोंडावर फेकला: माप जास्त आहे.

“मर्यादा दहाची, फाइल नऊची. मग अडलं कुठे?” शेठचा हिशेब चोख होता. सर्व्हर सांभाळणारा पोरगा म्हणाला, “शेठ, मेल वाटेत फुगतो.”

फुगतो हे खरंच. मेलव्यवस्था मुळात साध्या इंग्रजी मजकुरासाठी होती. १९९२ साली माइम हे मानक आलं आणि फोटो-गाणीही जाऊ लागली, पण अक्षरांचा वेष घेऊन. बेस-६४ पद्धतीत दर ३ बाइटांचे ४ होतात, वर ओळी तोडण्याचा भुर्दंड. शेठच्या नऊचे झाले बारा. शेठकडच्या पोस्टफिक्स या सर्व्हरची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट. तिच्यात खरा माल मावतो साडेसात एमबीच्या आसपास.

“मग शंभर करून टाक!”

पोराने केलं, आणि गाळ्यात येणारे मेलच बंद पडले. पोस्टफिक्समध्ये पेटीची मर्यादा वेगळी असते, ५,१२,००,००० बाइट. एका पत्राची मर्यादा तिच्यापेक्षा मोठी दिसली, की पत्रं पेटीत टाकणारा प्रोग्राम हात वर करतो. मग पत्र चार ओळींचं का असेना. एवढं मोठं पत्र येईल तेव्हा बघू, हा व्यापारी शहाणपणा त्याच्यात नाही.

मर्यादा फार लहान ठेवण्यातही मजा आहे. ‘तुमचं पत्र पोचलं नाही’ हे कळवणारं पत्रच तिच्यात अडकू शकतं.

पेटीही वाढवली. कॅटलॉग निघाला आणि गिऱ्हाइकाच्या सर्व्हरने परतवला. सकाळच्या विरार–चर्चगेट लोकलमध्ये भाईंदरकर चढणार की नाही, हे आतले ठरवतात, इथेही तेच. १९९५च्या आरएफसी १८७० या मानकाप्रमाणे समोरचा सर्व्हर आपली मर्यादा दारातच सांगतो आणि पाठवणारा आकार आधी कळवू शकतो. गोडदेवात शंभर केलेत की हजार, त्याला काय!

“लिंक पाठवू या, शेठ.”

“लिंकमध्ये पातेलं दिसतं का?”

शेवटी फोटो बारीक करायला शेठ तयार झाले. पिंपाचा सोडून. पिंप मोठंच दिसलं पाहिजे, म्हणाले.