जिवावर बेतलेली करमणूक

सुशिक्षित मराठी घरात टीव्ही एकच असला, तरी पक्ष दोन असतात. पहिला पक्ष सिरीयल बघतो. दुसरा पक्ष 'आम्ही सिरीयल बघत नाही, डॉक्युमेंटरी बघतो' असं सांगतो. त्याला कुणी विचारलेलं नसतं, पण तो सांगतो. लग्नात सांगतो, बारशाला सांगतो, बँकेच्या रांगेत सांगतो. दहाव्याच्या घाटावर कावळा शिवायला उशीर करू लागला, तर कावळ्याच्या बुद्धिमत्तेवर आपण गेल्या आठवड्यात काय पाहिलं, हे तो शोकाकुल कुटुंबाला सांगतो.

या दुसऱ्या पक्षाचा दरारा एवढा, की पहिल्या पक्षानंही आता धोरण बदललंय. बेल वाजली की आधी चॅनेल बदलतं आणि मग दार उघडतं. धाकटी जाऊ थोरलीच्या दुधात काहीतरी कालवत असते, तिच्या जागी क्षणात पेंग्विन उभा राहतो. पाहुणे म्हणतात, 'वा, मुलांना चांगल्या सवयी लावल्यात.' पाहुण्यांची पाठ वळली की मुलं, आजी आणि बाबा, तिघंही दूध प्यायलं गेलं की नाही ते बघायला परततात.

सिरीयल म्हणजे वेळेचा नाश आणि डॉक्युमेंटरी म्हणजे ज्ञानाचा साठा, हा समज आपल्याकडे सातबाराच्या उताऱ्याइतका पक्का आहे. म्हणून त्याची जरा मोजणी करून घेऊ.

'प्लॅनेट अर्थ २' मधला इग्वानाचा प्रसंग घ्या. बीबीसीनं तो नोव्हेंबर २०१६ मध्ये दाखवला आणि दुसऱ्या दिवसापासून तो फोनाफोनी फिरला. गॅलापागोसमधलं फर्नांडिना बेट. वाळूतल्या अंड्यातून इग्वानाचं पिल्लू बाहेर येतं. समुद्रकाठच्या खडकांवर त्याची मोठी माणसं ऊन खात बसलेली. तिथवर पोचायचं, एवढंच काम. आणि मधल्या वाटेवर खडकांच्या फटीफटींतून साप बाहेर पडू लागतात. पिल्लू पळतं, सापडतं, विळख्यात जातं, सुटतं, पुन्हा पळतं. बघणाऱ्याचा चहा हातातच निवतो. २०१७ मध्ये बाफ्टाच्या सोहळ्यात प्रेक्षकांनी मतं देऊन याच क्षणाला पुरस्कार मिळवून दिला.

आता सांगा, यात साडेआठच्या सिरीयलपेक्षा वेगळं काय आहे? निष्पाप नायिका, तिनं कुणाचं काही बिघडवलेलं नाही, पण घरात पाऊल टाकल्याबरोबर सगळं खानदान तिच्या मागे. जवळची माणसं समोर दिसतायत, पण जागची हलत नाहीत. ऐन वेळी संगीत टिपेला. फरक इतकाच, की सिरीयलमध्ये विळख्यावर ब्रेक घेऊन सुटका सोमवारी दाखवली असती.

'पण ते खरं असतं हो!' दुसरा पक्ष इथे हमखास उसळतो. खरं असतंच. फक्त ते सगळं एकाच इग्वानाचं नसतं. दोन कॅमेऱ्यांनी ही धावाधाव एका दमात टिपणं शक्य नव्हतं, वेगवेगळ्या वेळची चित्रणं जोडली, हे करणाऱ्यांनीच मोकळेपणानं सांगितलंय. म्हणजे शौर्य अनेकांचं आणि नाव एकाचं. ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही.

आवाजाचं तर विचारूच नका. लांब पल्ल्याची लेन्स शेकडो फुटांवरची मिशी दाखवते, पण माइकला तेवढा हात नसतो. मग पावलांचे, पंखांचे, चावण्याचे आवाज मागाहून स्टुडिओत काढतात. बर्फातल्या पावलांच्या आवाजासाठी कॉर्नफ्लोअरची पिशवी दाबायची, ही त्या धंद्यातली जुनी युक्ती. सिरीयलमधल्या सासूनं मान वळवली की वीज कडाडते, तेव्हा आपण पोट धरून हसतो. इकडे कोळ्यानं एक पाय उचलून ठेवला की 'खट्' वाजतं, तेव्हा आपण मुलाला म्हणतो, 'ऐकलंस? नीट लक्ष दे, परीक्षेला येईल.'

२०११ मध्ये 'फ्रोझन प्लॅनेट'मधल्या ध्रुवीय अस्वलाच्या पिल्लांचं कौतुक झालं आणि मागोमाग कळलं, की बिळातलं ते चित्रण नेदरलँड्समधल्या प्राणिसंग्रहालयातलं आहे. इंग्लंडात गदारोळ उठला. वास्तविक बाळंतीण अस्वलाच्या खोलीत कॅमेरा घेऊन बसायला कोण तयार होणार? अस्वलाचं बीळ प्राणिसंग्रहालयात आणि इनामदारांचा वाडा घोडबंदर रोडच्या स्टुडिओत, दोन्हीकडे अडचण जागेचीच.

आणि ज्ञानाच्या साठ्याबद्दल म्हणाल, तर डिस्नेचा १९५८ चा 'व्हाइट विल्डरनेस' आठवा. लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी झुंडीनं कड्यावरून उड्या टाकतात, असं त्यात दाखवलं. सिनेमाला डॉक्युमेंटरीचं ऑस्कर मिळालं. पुढे १९८२ मध्ये कॅनडाच्या टीव्हीवाल्यांनी उकरून काढलं, की उंदरांच्या मनात तसलं काही नव्हतं, त्यांना ढकलण्यात आलं होतं. तोवर लेमिंगची सामूहिक आत्महत्या जगभरच्या हुशार माणसांच्या भाषणात दाखल्यासाठी रुजू झाली होती. सिरीयलवर हजार आरोप करा, पण थोरल्या सुनेला जिन्यावरून कुणी ढकललं हे तिथे पहिल्या फटक्यात दाखवतात. ते फक्त घरच्यांना कळत नाही.

याच्यावर दुसऱ्या पक्षाचं ठेवणीतलं उत्तर असं, की सिरीयलमधल्या त्या बायकांच्या कुरघोड्या आम्हाला बघवत नाहीत. या मंडळींनी २००५ साली सुरू झालेली 'मीरकॅट मॅनर' डोळ्यांत तेल घालून पाहिली होती. स्थळ कलाहारीचं वाळवंट, नायिका फ्लॉवर नावाची मीरकॅट. घराण्याची सूत्रं तिच्या हातात. पिल्लं शक्यतो तिलाच व्हायची. एखाद्या मुलीला दिवस गेले, तर तिला घराबाहेर काढायचं. उरलेल्या लेकींनी आईची पिल्लं सांभाळायची, प्रसंगी दूधही पाजायचं. चॅनेलच्या मीटिंगमध्ये ही वन-लाइन ऐकवली असती, तर 'सासू इतकी टोकाची नको, प्रेक्षक तुटतील' म्हणून परत पाठवली असती. २००७ मध्ये फ्लॉवर साप चावून गेली, तेव्हा देशोदेशीचे प्रेक्षक हळहळले. आपल्याकडे मुख्य पात्र गेलं, की दुसऱ्या दिवशी त्याच साडीत नवा चेहरा उभा करतात. मीरकॅट सगळे सारखेच दिसत असूनही तिकडच्यांनी ही सोय वापरली नाही, एवढं मात्र त्यांच्या सचोटीबद्दल नोंदवलं पाहिजे.

ठिपक्यांच्या तरसांची आफ्रिकेतली टोळी बघा. कारभार मादीकडे, मुलीचा दर्जा आईवरून ठरतो आणि बाहेरून आलेला नर सगळ्यांच्या खाली. जेवायला शेवटी बसतो. हातात पेपर घेऊन 'अगं, पण माझं ऐक तरी' एवढंच आयुष्यभर बोलणाऱ्या सिरीयलमधल्या सासऱ्याचं इतकं शास्त्रशुद्ध चित्रण दुसरीकडे मिळायचं नाही.

हत्तींकडे या. कळपाची प्रमुख वडीलधारी हत्तीण, भोवती मावश्या-बहिणी, पिल्लू सगळ्यांनी मिळून वाढवायचं आणि गर्भारपण सुमारे २२ महिन्यांचं. २०१३ ते २०१६ या काळात 'होणार सून मी ह्या घरची' चालू होती. जान्हवीला सहा सासवा होत्या आणि तिचं बाळंतपण इतकं लांबलं, की विनोदांना पूर आला. लेखकाला नावं ठेवताना कुणी हत्तींकडे पाहिलंच नाही. बिचारा पूर्ण अभ्यास करून लिहीत होता.

कष्टाच्या बाबतीत मात्र दोन्हीकडचा हिशेब उलटा आहे. 'प्लॅनेट अर्थ २'साठी ४० देशांत ११७ फेऱ्या आणि २,०८९ दिवस चित्रण झालं, त्यातून सहा भाग निघाले. म्हणजे वर्षानुवर्षांची घटना मिनिटांत बसवली. आपल्याकडे मिनिटांची घटना वर्षानुवर्षं चालवतात, तीही एक दिवाणखाना, एक जिना आणि एक देवघर एवढ्या मुलखात. 'आई कुठे काय करते' हा प्रश्न डिसेंबर २०१९ मध्ये विचारला गेला आणि नोव्हेंबर २०२४ पर्यंत रोज विचारला जात होता. हिमबिबट्याची वाट बघत डोंगरात तंबू ठोकणं एकवेळ सोपं. तीच हळदीकुंकवाची थाळी खाली पडायला तीन भाग लावणं, याला संयम म्हणतात.

आता सुखाचा मूळ मुद्दा. दोन्ही पक्षांना हवं असतं ते एकच: संकट दुसऱ्यावर यावं, मोठं यावं, आणि आपण पाय वर घेऊन बसलेले असावं. चित्ता झेपावला की चकलीचा डबा आपोआप जवळ ओढला जातो. नायिकेला घराबाहेर काढलं की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात. आपल्या घरचा हप्ता, गुडघा आणि गावाकडच्या जमिनीचा वाद हे तिन्ही तेवढा वेळ गप्प बसतात. एवढं स्वस्तात आणखी कुठे मिळतं?

नीतिमत्ता तपासायची, तर सिरीयलवाला पक्ष सरस ठरेल. त्याची निष्ठा अढळ. 'माझ्या नवऱ्याची बायको' २०१६ पासून २०२१ पर्यंत चालली, पण राधिकाचा माणूस शनायाकडे गेला असं प्रेक्षकांत घडलं नाही. गेला तो फक्त नवरा. डॉक्युमेंटरीवाल्याचं तसं नाही. या रविवारी हरणाचं पाडस पळतं, तेव्हा तो पाडसाकडून असतो. पुढच्या रविवारी चित्तिणीची तीन उपाशी पिल्लं दाखवली, की तोच हातातली उशी आवळून 'पकड, पकड' म्हणत पाडसाच्या जिवावर उठतो. १९८५ पासून देशात पक्षांतरबंदी कायदा आहे, पण त्याच्या पळवाटा आमदारांनाही या सोफ्यावरच सुचल्या असाव्यात.

कॅमेरेवाल्यांची शिस्त अशी, की मध्ये पडायचं नाही. २०१८ च्या 'डायनॅस्टीज'मध्ये अंटार्क्टिकातल्या घळीत पिल्लांसकट अडकलेले पेंग्विन बघून त्यांना राहवलं नाही. त्यांनी बर्फात उतार खणून दिला, पेंग्विन वर आले आणि हे योग्य की अयोग्य यावर जगभर चर्चा झाली. आपल्याकडे नायिका विषाचा पेला ओठाला लावते, तेव्हा सेटवर लाइटवाला, मेकअपवाला, स्पॉटदादा अशी पन्नास माणसं हाताची घडी घालून उभी असतात. कुणी उतार खणत नाही. ती वर आली, तर गुरुवारच्या टीआरपीत सगळे खाली जातील.

या बैठकीत बसून तयार झालेला निसर्गप्रेमी मग सुट्टी काढून ताडोबाला जातो. जिप्सीत पुढची सीट मिळवतो. वाघ दिसतो, पण तो झोपलेला असतो. मांजराच्या कुळातले सगळेच दिवसाचा बराच वेळ झोपण्यात घालवतात. सिंह तर वीस-वीस तास. वाघ कूस बदलत नाही, क्लोजअप देत नाही, मागून संगीत येत नाही. निसर्गप्रेमी गाइडला विचारतो, 'हा पळत कधी असतो?' मारुती चितमपल्ली विदर्भाच्या जंगलांत उभी हयात काढून पक्ष्यांची, झाडांची नावं गोळा करत राहिले, तेही या माणसाच्या कपाटात आहेत. पुस्तकाला पार्श्वसंगीत नसल्यामुळे ते कपाटातच आहेत.

आणि मग तो दिवस उजाडतो. 'प्लॅनेट अर्थ २'च्या शेवटच्या भागात मुंबईचे बिबटे होते. रात्रीच्या अंधारात, माणसांच्या वस्तीला लागून, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून दिसणारे. बोरिवली-ठाण्याकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तो तुकडा अभिमानानं फिरला: 'आपला बिबट्या बीबीसीवर!' संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०४ चौरस किलोमीटरचं, त्याच्या कुंपणाला खेटून टॉवर उभे. जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत' लिहिलं होतं, ते निसर्गानं मनावर घेतलं. एका रात्री तोच कलाकार पार्किंगच्या सीसीटीव्हीत दिसला, तर त्याच ग्रुपवर पाच मिनिटांत 'आपला'चा 'वनखात्याचा' होतो. तातडीची सभा बोलावली जाते. कोरम भरतो, जो पाणीपट्टीसाठी कधी भरला नव्हता.

दोन्ही पक्ष त्या सभेत प्रथमच एका बाजूला बसतात आणि निवेदन एकमतानं मंजूर होतं. बिबट्याला आमचा विरोध नाही. वन्यजीवांवर आमचं प्रेम सर्वश्रुत आहे. फक्त त्यानं यायचं असेल तर रात्री साडेदहानंतर, सिरीयल संपल्यावर यावं. पार्किंगमध्ये न फिरता पडद्यावर फिरावं. शिकार करायचीच असेल, तर शेजारच्या सोसायटीत करावी, इथून दिसते. आणि पुढच्या वेळी कृपया संगीतासह यावं, म्हणजे नेमकं कुठे घाबरायचं ते सभासदांना कळेल.