दंडाचा बंदोबस्त

आकाशगंगेवर जरब बसवायची असेल, तर दंडावरचं प्लॅस्टिक कोपरापर्यंत घसरणार नाही याची तजवीज आधी करावी लागते. ‘स्टार वॉर्स’मधल्या स्टॉर्मट्रूपरचं पांढरं चिलखत ज्यांनी हौसेने मागवलं, कापलं, चिकटवलं आणि आता हात खाली सोडताच सगळा सरंजाम मनगटाशी गोळा होतो म्हणून जे खिन्न बसले आहेत, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. घरच्यांनीही वाचायला हरकत नाही. त्यांचं काम पुढे येणारच आहे.

प्रथम चिलखताची महती. 1977 च्या पहिल्या चित्रपटासाठी हे चिलखत प्लॅस्टिकचा पत्रा तापवून, साच्यावर अंथरून, खालची हवा शोषून घेऊन घडवलं गेलं. पुढे त्यावरून लंडनमध्ये खटला रंगला आणि 2011 साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की यातलं शिरस्त्राण हे शिल्प नव्हे. आत लावलेल्या इलॅस्टिकला काय मानावं, यावर न्यायालयाने मौन पाळलं. वास्तविक सारा डोलारा त्याच्यावर उभा आहे. ज्या सैनिकाला पाहून ग्रहच्या ग्रह थरथरतात, त्याचा हात ज्या पट्टीने जागेवर राहतो तीच आपल्या पायजम्यातही असते.

हाताचे भाग तीन: खांद्यावरची वाटी, दंडाचं नळकांडं आणि कोपराखालचं नळकांडं. वाटी खांद्यावरून जाणाऱ्या पट्टीला लटकते, दंड वाटीला आणि खालचं नळकांडं दंडाला. भार वर वर सरकत शेवटी खांद्यावर येतो, हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्याला समजावून सांगायला नको. शिवाय वाटीच्या खालच्या कडेला दंडाभोवती फिरणारा एक वेढा हवाच. तो नसेल तर हात उचलताच वाटी पंखासारखी उघडते आणि सैनिक उडायच्या बेतात आहे असं वाटतं.

इलॅस्टिक काळं घ्यावं, कारण आतला पोशाख काळा असतो आणि फटीत पट्टी दिसत नाही. रुंदी साधारण 25 मिलिमीटर. वेणीसारखं गुंफलेलं नको. ते ताणलं की अरुंद होतं. ताणूनही रुंदी न सोडणारं, घट्ट विणीचं मागावं. पुण्यात असाल तर बोहरी आळीकडे वळा. ‘कशासाठी हवंय?’ या दुकानदाराच्या प्रश्नाला ‘परकरासाठी’ हे उत्तर सर्वांत कमी वेळ खातं.

आता माप. आतला काळा पोशाख घालून, तिन्ही भाग जागेवर धरून हात सैल सोडावा आणि फट दुसऱ्याकडून मोजून घ्यावी. मग कोपर वाकवून पुन्हा मोजावी. हात खाली असताना पट्टीला जेमतेम ताण राहील एवढी लांबी ठेवावी आणि शिलाईसाठी दोन्ही टोकांना थोडी जास्त धरावी. पट्टी आखूड झाली तर खालचं नळकांडं वर चढून कोपराच्या घडीत रुततं. हौशी मंडळी याला चिलखताचा चावा म्हणतात. हा शत्रू कोणत्याही बंडखोरापेक्षा चिकाटीचा आहे. एकाच पट्टीवर भागवू नये, नळकांडं हाताभोवती गरगर फिरतं. दोन लावाव्यात.

खरा घात जोडणीत होतो. उतावळा माणूस इलॅस्टिक थेट प्लॅस्टिकला चिकटवतो. गोंद विणीत मुरतो, पट्टी तेवढ्या भागात कडक होते आणि ताण बसला की कडेपासून सुटत येते. त्याऐवजी नायलॉनच्या जाड पट्टीचा चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा घ्यावा, त्यात टिच बटण ठोकावं आणि तो तुकडा चिलखताच्या आतून चिकटवावा. बटणाचा दुसरा भाग इलॅस्टिकच्या टोकाला. नायलॉनला भोक पाडायला सोल्डरिंगची तापलेली सळई उत्तम, कारण धागे वितळून बंद होतात. वास मात्र येतो. घरात मालिका चालू असताना हे करू नये.

बटण ठोकण्याआधी नर कुठे आणि मादी कुठे, हे कागदावर लिहून ठेवावं. ठोकलेलं बटण काढताना नायलॉन फाटतं आणि शब्दही फाटके निघतात.

चिकटवण्यापूर्वी आतली बाजू पॉलिश पेपरने खरवडावी. झटपट चिकटणारा गोंद टाळावा. तो वाळून काचेसारखा ठिसूळ होतो आणि पहिल्याच सलामीला दगा देतो. ई-सहा-हजारसारखा रबरी गोंद लावून, चिमट्यांनी दाबून, निदान एक दिवस हात लावू नये, दोन दिवस थांबलात तर बरं. सांडलेला गोंद पुसायला घरातलं नखांचं पॉलिश काढायचं द्रव्य घेऊ नये. त्यात ॲसिटोन असेल तर गोंदाबरोबर चिलखतही विरघळेल.

1997 साली अमेरिकेत ॲल्बिन जॉन्सन यांनी स्थापन केलेल्या ‘501 व्या लीजन’ या चिलखतवेड्यांच्या संघटनेत दाखल व्हायचं असेल, तर पोशाखाचे फोटो पाठवावे लागतात आणि तो ठरलेल्या नमुन्याशी ताडून पाहिला जातो. वधूवर सूचक मंडळाच्या फोटोला काढतात तेवढ्या खोडी इथेही निघतात, याची तयारी ठेवावी.

शेवटी परिधान. खांद्यामागचं बटण स्वतःचं स्वतःला लावता येत नाही. साम्राज्याने या प्रश्नावर काय तोडगा काढला होता हे चित्रपटात दाखवलेलं नाही. आपल्याकडे आई असते, वहिनी असते. मदत शिरस्त्राण घालण्याआधी मागावी, कारण नंतर आतून आलेलं ‘वहिनी, जरा मागचं बटण लावता का?’ बाहेर कोणालाच कळत नाही. वहिनींना घाई करू नये. त्या कुकरची शिट्टी मोजत असतील.

बटणं लागली की दोन्ही हात वर करावेत, त्यांची घडी घालावी, मग ते नाकापर्यंत न्यावेत. पोहोचले नाहीत तर इलॅस्टिक ढिलं करावं. सुई, काळा दोरा, चार सेफ्टी पिना आणि वीतभर जादा इलॅस्टिक कोणाच्या तरी पिशवीत द्यावं, कारण चिलखताला खिसे नसतात. चहा बेताने घ्यावा आणि घराबाहेर पडण्यापूर्वी बाथरूमला जाऊन यावं, तेही बटणं लावायच्या आधी.